पत्री सरकारची काठी योग्य होती का?

कृष्णाकाठ

जुलमी सत्तेविरुद्ध हत्यार उचलावं की नाही, हा वाद आपल्या इथं वर्षातून दोनदा तरी निघतो. दर वेळी एका बाजूला गांधी, दुसऱ्या बाजूला भगतसिंग, मध्ये शंभर-सव्वाशे प्रतिसाद आणि शेवटी धाग्याला कुलूप. म्हणून या वेळी प्रश्न गावात आणून बघू. सातारा जिल्हा, १९४२ ते १९४६. आज सांगलीत असलेले वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते.

हे उदाहरण घेण्याचं कारण सांगतो. इथली माणसं 'महात्मा गांधी की जय' म्हणत होती, कमी खर्चात लावलेल्या लग्नांना 'गांधी विवाह' म्हणत होती, दारूचे गुत्ते बंद करत होती. आणि हीच माणसं दुसऱ्याला पाडून त्याच्या तळपायांवर काठ्या मारत होती. भूमिगतांच्या प्रतिसरकारला, म्हणजे इंग्रजांना समांतर चालवलेल्या कारभाराला, 'पत्री सरकार' हे नाव तिथूनच आलं.

क्रम असा. ऑगस्ट ४२ मध्ये पुढारी पकडले गेले. मग तालुक्या-तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा चढला, रक्त सांडलं नाही. ९ तारखेला वडूजला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. झेंडा धरलेले परशुराम घार्गे पडले, त्यांच्याबरोबर आणखीही काही जण. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पंड्या आणि विष्णू बारपटे. मोर्चा निःशस्त्र होता. उरलेले भूमिगत झाले. पुढच्या वर्षी शेणोलीला पगाराची रेल्वेगाडी लुटली गेली. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून पळाले, त्यात दोघांनी जीव गमावला. एप्रिल ४४ मध्ये कुंडलच्या मंडळींनी पार खानदेशात जाऊन चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांच्या आसपास.

इथपर्यंत माझा जीव अडत नाही. गोळी आधी सरकारनं झाडली, लुटलेला पैसा सरकारचा होता.

माझी अडचण पुढं आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावानं जे प्रतिसरकार उभं राहिलं, त्याची मुळं दरोडेखोरांच्या बंदोबस्तात होती. पोलीस भूमिगतांच्या मागं लागलेले, त्यामुळं दरोडेखोरांना रान मोकळं. काही तर भूमिगतांच्याच नावावर लुटायचे. त्यांना ठोकल्यावर गाव प्रतिसरकारच्या मागं उभं राहिलं. मग तुफान सेना, म्हणजे प्रतिसरकारचं स्वतःचं दल, आली, न्यायदान मंडळं आली. जमिनीचे तंटे, सावकाराचं गहाणखत, बायको टाकून दिलेला नवरा, सगळं मंडळापुढं. आणि पोलिसांचे खबरे. त्यांना पत्र्या बसल्या, काहींचे जीवही गेले.

म्हणजे ही हिंसा कुणावर झाली? गोरा साहेब साताऱ्याच्या खेड्यात होताच कुठं. मार खाल्ला तो पाटलानं, तलाठ्यानं, सावकारानं, गावगुंडानं, खबऱ्यानं. सगळे आपल्याच गावचे, एकाच पाणवठ्यावरचे. साम्राज्याविरुद्धची बहुतेक हिंसा प्रत्यक्षात अशीच शेजाऱ्यावर पडते, आणि आपण वाद घालताना मात्र डोळ्यापुढं रँड आणि साँडर्ससारखे गोरे अधिकारी आणतो.

राजवट जुलमी होती यात मला शंका नाही. मला विचारायचंय ते हे: काठी मारणाऱ्याला चूक झाली तर जाब कुणी विचारायचा? ब्रिटिश कोर्टात निदान वरच्या कोर्टात जाता यायचं, कितीही लंगडं असो. मंडळाच्या निकालावर अपील कुठं करायचं? गावातल्या एखाद्यानं बांधाच्या भांडणातून दुसऱ्याला 'खबऱ्या' ठरवलं, तर?

सह्यकडा

*अपील?*

वडूजच्या मोर्च्यानं कुठल्या कोर्टात अपील करायचं होतं, ते आधी सांगा. सरकारनं भर दिवसा माणसं मारली. त्या सरकारच्या न्यायाशी भूमिगतांच्या न्यायाची तुलना करून तुम्ही सरकारला फुकटची इज्जत देताय.

दुसरं. खबऱ्या म्हणजे कुणी निरुपद्रवी म्हातारा नव्हे. त्याच्या एका शब्दावर रात्री घराला वेढा पडायचा. २५ फेब्रुवारी १९४६ ला मणदूरच्या डोंगरात किसन अहिर आणि नानकसिंग पोलिसांच्या गोळीला बळी पडले. फेब्रुवारी ४६! स्वातंत्र्य दीड वर्षावर होतं. पोलीस डोंगरात आपोआप पोचत नाहीत.

आमच्याकडं भूमिगतांना भाकरी जायची. रात्री कोण येऊन गेलं हे घरातल्या पोरांनाही सांगायचे नाहीत. एवढी भीती इंग्रजाची नव्हती, शेजारच्या तोंडाची होती. म्हणजे तुमचंच म्हणणं उलटं करून सांगतो: जुलूमही शेजाऱ्यामार्फतच यायचा.

खादी_भांडार

*तासगाव विसरू नका*

धागाकर्त्यानं तासगावचा उल्लेख एका वाक्यात उरकला. मला तिथंच थांबावंसं वाटतं. तीच माणसं, तोच झेंडा, सहा दिवसांचं अंतर. तासगावला कचेरीवरचा पोलीस हलला नाही, आणि सरकार नावाची गोष्ट त्या दुपारी त्या तालुक्यात संपली. वडूजला गोळीबार झाल्यावरही सरकारची अब्रू गेली ती मेलेल्यांच्या हातात झेंड्यापलीकडे काही नव्हतं म्हणून. पत्र्या सुरू झाल्या की सरकारला सांगायला तोंड मिळतं: बघा, आम्ही गुंडांपासून रयतेला वाचवतोय.

गांधींच्या नावानं ही चळवळ चालली असं म्हणता, तर गांधींचंही ऐका. सुटका झाल्यावर १९४४ मध्ये त्यांनी भूमिगतांना उघड व्हायला सांगितलं. गुप्तपणाच त्यांना मान्य नव्हता. बंगालात तामलुकचं 'जातीय सरकार' (बंगालीत जातीय म्हणजे राष्ट्रीय) होतं, डिसेंबर ४२ पासून चाललेलं. स्वतःची सेना, न्यायालय, वादळग्रस्तांना मदत, सगळं. त्यांनी गांधींचा शब्द मानून कारभार गुंडाळला. साताऱ्यानं मानला नाही. जयघोष करायचा आणि शब्द मोडायचा, याला काय म्हणावं?

सह्यकडा

तामलुकच्या लोकांनी गुंडाळलं, त्यांचा मान राखून म्हणतो, मग काय मिळालं त्यांना? इंग्रज त्या दिवशी गेला का? सातारा ४६ पर्यंत टिकला म्हणून आज आपण सातारा-सातारा करतोय.

आणि गांधींचाच ११ ऑगस्ट १९२० चा लेख काढा. भ्याडपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय असतील तर मी हिंसेचा सल्ला देईन, हे त्यांनीच लिहिलंय.

खादी_भांडार

पुढचं वाचलंत का? त्याच लेखात लगेच ते म्हणतात की अहिंसा हिंसेहून कैक पटींनी श्रेष्ठ आहे. तुमच्यासारखे लोक पहिलं वाक्य पाठ करतात आणि पान उलटायचं विसरतात. शिवाय दोनच पर्याय होते हे कुणी ठरवलं?

आकडेमोड

*थोडे आकडे*

भावनेच्या बाहेर येऊन एक नोंद. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोठ्या चळवळी तपासल्या. अहिंसक चळवळी सुमारे ५३ टक्के यशस्वी, सशस्त्र साधारण २६ टक्के. कारण त्यांनी दिलंय तेही पटण्यासारखं आहे: अहिंसक चळवळीत म्हातारे, बायका, नोकरदार, सगळे उतरू शकतात. बंदूक घेऊन डोंगरात फक्त तरणीताठी पोरं जातात. जितके जास्त लोक, तितकी सत्तेच्या नोकरांमध्ये फूट.

कृष्णाकाठ

आकडेमोड, आकडे मान्य. पण आपला १९४२ कुठल्या रकान्यात टाकायचा? तासगाव अहिंसक, तारा तोडणं? रेल्वेचे रूळ उखडणं? खजिना? पत्री? हे सगळं एकाच तालुक्यात, एकाच वर्षात, बऱ्याचदा त्याच माणसांनी केलेलं. आणि 'म्हातारे, बायका उतरतात' हा निकष लावला तर प्रतिसरकार अहिंसकच ठरेल. गावच्या गाव त्यात होतं. बायका निरोप आणि हत्यारं पोचवत होत्या.

रात्रपाळी

बायकांचा विषय निघालाच आहे तर.

हौसाताई पाटील, क्रांतिसिंहांची लेक, तुफान सेनेत होत्या, २०२१ मध्ये गेल्या. खानदेशात लीलाताई पाटील होत्या. पण मला नावं सांगायची नाहीत. कृष्णाकाठ, तुम्ही 'बायको टाकून दिलेला नवरा' यादीत असा टाकलात जसा काही बांधाचा तंटा.

१९४४ मध्ये वाळव्यातल्या एखाद्या टाकलेल्या बाईनं काय करायचं? मामलेदार तिचं ऐकणार नाही. पाटील नवऱ्याच्या भावकीतला. दिवाणी कोर्टात जायला पैसे नाहीत, वकिलाशी बोलायची सोय नाही, माहेरी तोंड दाखवायची चोरी. तिच्यासाठी 'अपील' हा शब्दच नव्हता, ना इंग्रजांकडं, ना गावाकडं. मंडळाची माणसं आली, नवऱ्याला चार काठ्या बसल्या आणि तो तिला नांदवायला तयार झाला. तुम्ही तिला जाऊन हिंसेचं तत्त्वज्ञान सांगा.

(हं, मार खाऊन नांदवायला नेणाऱ्या नवऱ्याच्या घरात पुढं तिचं काय झालं असेल, हा प्रश्न मलाही छळतो. त्याची नोंद कुठल्या मंडळानं ठेवली असेल असं वाटत नाही.)

तळटीप

माहितीसाठी: कुंडल तेव्हा ब्रिटिश हद्दीत नव्हतं, औंध संस्थानात होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्येच प्रजेला स्वराज्याची राज्यघटना देऊन ग्रामपंचायतींकडे कारभार सोपवला होता. म्हणजे गावानं पंच नेमून न्याय करायचा, ही सवय त्या भागाला आधीच होती. भूमिगतांना संस्थानी हद्दीत आसरा मिळायचा तो वेगळा. ब्रिटिश पोलीस एका गावात, भूमिगत शेजारच्या गावात. प्रतिसरकार साताऱ्यातच का टिकलं याचं अर्धं उत्तर नकाशात आहे. नीतिशास्त्र नंतर.

गोदातीर

मी मराठवाड्यातला. तुमच्या कृष्णाकाठावर निदान सत्ता एक होती. आमच्याकडं निजाम, त्याचे पोलीस आणि कासिम रझवीचे रझाकार. रझवी लातूरचा वकील. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली. निजामाविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान स्वतः मुसलमान होते, त्यांना २२ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादेत भर रस्त्यात मारलं. स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस सत्याग्रहानंच निघाली होती. पुढं सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले, तिथून हत्यारबंद टोळ्या आत शिरायच्या. नाकी उडवली, उमरीची बँक लुटली. मी ते सगळं योग्यच मानतो. रझाकाराच्या बर्चीपुढं सूत कातत बसा म्हणणाऱ्याला मी हात जोडीन, पण ऐकणार नाही.

पण पुढचं सांगायला आमच्याकडं कुणी तयार नसतं. १३ ते १७ सप्टेंबर, पाच दिवसांत भारतीय फौजेची पोलीस ॲक्शन संपली. निजाम शरण आला. जुलूम संपला. आणि मग उस्मानाबाद, बीड, नांदेड, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं अंदाज दिला तो २७ ते ४० हजार मृतांचा. तो अहवाल पुढं कित्येक दशकं बाहेर आला नाही. मेलेले सगळे रझाकार होते? शेतमजूर होते, कोष्टी होते, दुकानदार होते. १७ सप्टेंबरला आम्ही झेंडावंदन करतो, करायलाच पाहिजे. त्या दिवशी भाषणात याचा उल्लेख मी तरी ऐकलेला नाही.

म्हणून मला धागाकर्त्याचा प्रश्न पटतो, पण थोडा पुढं न्यावासा वाटतो. हत्यार उचलताना कारण खरंच असतं. ते ठेवायची वेळ आली हे कोण सांगणार, आणि सांगितलेलं ऐकणार कोण? कॅम्पातल्या बऱ्याच जणांनी ठेवलं. पण सूड घ्यायला कॅम्पात असावं लागत नव्हतं.

सह्यकडा

गोदातीर, मान खाली घालून वाचलं. पण त्याचं खापर कॅम्पवाल्यांवर फोडणं बरोबर नाही.

गोदातीर

फोडलंच नाही. परत वाचा.

संपादक

आजच्या सरकारांवरचे आणि पक्षांवरचे प्रतिसाद काढले आहेत. धागा १९४० च्या दशकाच्या आसपास ठेवावा ही विनंती. तिकडे ओढायचा मोह आवरत नसेल त्यांनी वेगळा धागा काढावा, तोही बहुधा काढून टाकला जाईल.

मांडवीपार

*गोंयचं काय?*

अहिंसेवाल्यांनी गोव्याकडे बघावं. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडून आत गेले. पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक मेले. लिस्बनमध्ये काय झालं? काही नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राज्यात वर्तमानपत्र सेन्सॉर होऊनच निघायचं. इंग्लंडात निदान पार्लमेंटात कुणीतरी उठून विचारायचा. गोळी झाडणाऱ्याला घरी कुणी विचारणाराच नसेल तर सत्याग्रहाची छाती कुणासमोर उघडायची? त्याआधी वर्षभर, १९५४ मध्ये, दादरा-नगर हवेली मूठभर हत्यारबंद स्वयंसेवकांनी मोकळी केली होती. आणि शेवटी १९६१ च्या डिसेंबरात लष्कर आलं तेव्हा दोन दिवसांत आटोपलं.

खादी_भांडार

आणि सालाझारची ती राजवट कशी गेली? २५ एप्रिल १९७४, लिस्बनच्या रस्त्यावर लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल फुलं खोवली. जवळजवळ रक्तहीन. त्यानंतरच्या सरकारनं गोव्याचं भारतात असणं मान्यही करून टाकलं. तेरा वर्षांपूर्वीच्या रणगाड्यांना जे जमलं नव्हतं ते.

मांडवीपार

फुलं खोवली, पण कुठं? बंदुकांच्या नळ्यांत. उठाव सैन्यातल्या अधिकाऱ्यांनीच केला होता. आणि ते अधिकारी का वैतागले होते? अंगोला, मोझांबिक, गिनीत तेरा वर्षं गनिमी युद्ध लढून. ती युद्धं आफ्रिकेतल्या लोकांनी बंदुका घेऊन लादली होती. लिस्बनचा तो रक्तहीन दिवस आफ्रिकेतल्या रक्तावर उभा होता, भाऊ.

खादी_भांडार

हा मुद्दा चांगला आहे. विचार करतो. (हरलो असं समजू नये.)

कलम_बत्तीस

इतक्या प्रतिसादांत डॉ. आंबेडकर कसे नाहीत? २५ नोव्हेंबर १९४९, घटना समितीतलं भाषण. सशस्त्र क्रांतीचे रक्तरंजित मार्ग तर सोडाच, असहकार, कायदेभंग आणि सत्याग्रहही सोडून द्या, असं ते म्हणाले. पण आधी त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली: घटनात्मक मार्ग मुळीच उपलब्ध नव्हते तेव्हा घटनाबाह्य मार्गांना समर्थन होतं. आता ते मार्ग खुले आहेत, आता नाही.

बघा, यात गांधी आणि नाना पाटील दोघेही एकाच रांगेत उभे राहतात. हिंसा की अहिंसा हा त्यांचा मुख्य सवालच नाही, दार उघडं आहे का हा सवाल आहे. सातारा १९४३: दार बंद. १९४६ ला बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ मुंबईत आलं: दार किलकिलं झालं. वॉरंटं उठली, नाना पाटील उजळ माथ्यानं लोकांसमोर आले. पुढं ते १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून लोकसभेवर गेले, कम्युनिस्ट म्हणून. यशवंतराव, वसंतदादा मुख्यमंत्री झाले. किसन वीरांनी साखर कारखाना उभारला. काठी ठेवली आणि मतपेटी घेतली. इतकं व्यवस्थित परतलेले बंडखोर जगात फार नसतील.

कृष्णाकाठ

कलम_बत्तीस, दार उघडं की बंद हे वरच्या मजल्यावरून पाहिलं तर स्पष्ट दिसतं. खाली नाही. रात्रपाळींनी सांगितलेल्या त्या बाईला दार ४३ ला बंद होतं, ४६ ला बंद होतं, ५० नंतरही कायद्याच्या पुस्तकातच उघडं होतं. मग तिनं काठीवाल्यांना कधीपर्यंत बोलवायचं?

व्यवस्थित परतले हेही अर्धंच. पुढारी परतले. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जळाली. प्रतिसरकारनं जाळली असं मी म्हणत नाही. पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत ज्या भागात जमावानं न्याय करणं हीच देशसेवा होती, तिथं जमावाला 'आता थांबा' हे कुणी शिकवलं होतं?

सह्यकडा

नागपूर, पुणे, मुंबईतही त्या आठवड्यात जाळपोळ झाली. तिथं कुठं होतं प्रतिसरकार? इतकी मोठी उडी मारू नका. तिकडं त्याआधीचं सत्यशोधक, ब्राह्मणेतर असं जुनं राजकारणही आहे, सावकारीही आहे.

कृष्णाकाठ

उडी नाही, प्रश्न आहे. तुम्ही सांगितलेली कारणं खरीच. ती असतानाही माझा प्रश्न उरतो.

रात्रपाळी

कृष्णाकाठ, तुम्ही सगळ्यांना प्रश्न विचारताय. तुमचं स्वतःचं काय? सरळ सांगा. आडवळण नको.

कृष्णाकाठ

सांगतो. तारा तोडणं, शेणोली, चिमठाणे, सांगलीचा तुरुंग: योग्य. एकदाही शंका नाही. दरोडेखोराला पत्र्या: पोलीस मुद्दाम डोळेझाक करत असताना, गावासमोर, तर हो. सावकाराकडून गहाणखत फाडून घेणं: हो, आणि थोडा आनंदानंच. नवऱ्याला काठी: बाईनं स्वतः येऊन मागितलं असेल तर, आणि पुढं तिची चौकशी ठेवणार असाल तर.

खबऱ्याला जिवे मारणं: नाही. कारण बाकी सगळं चुकलं तर भरून काढता येतं. पायाची सूज उतरते, जमीन परत देता येते. जिथं पुरावा म्हणजे कुजबूज आहे आणि निकाल अंधारात लागतोय, तिथं परत न घेता येणारी शिक्षा द्यायचा अधिकार मी नाना पाटलांनाही देणार नाही, माझं त्यांच्यावर प्रेम असूनही.

सह्यकडा

आणि जिवंत सोडलेल्या खबऱ्यानं आठवड्याभरात दुसऱ्यांदा खबर दिली, पाच पोरं वेढ्यात सापडली, तर? ती चूक भरून निघते का?

कृष्णाकाठ

गावाबाहेर काढायचा. बहिष्कार. १९२८ ला बारडोलीत वल्लभभाईंनी सरकारला फितूर होणाऱ्यांवर हेच हत्यार चालवलं, आणि चाललं.

सह्यकडा

बारडोलीत शेतसाऱ्याचं भांडण होतं, फार तर म्हैस जप्त व्हायची. गावाबाहेर काढलेला खबऱ्या सरळ पोलीस ठाण्यात जाऊन राहतो, आणि सगळ्या गावाची नावं सांगतो. आमच्या घराचंही.